अशिलाची खुर्ची

एक खोली डोळ्यांसमोर आण. डोळे मिटायला मी सांगणार नाही. मिटलेस तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आण. खोलीत एक टेबल आहे. टेबलाच्या एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार. खिडकीकडे पाठ करून एक मोठी खुर्ची आहे, गोल फिरणारी, फिरताना कुरकुरणारी, हातांवरचं कातडं फाटून आतला पिवळा स्पंज दाखवणारी. ती वकिलाची. दाराकडे पाठ करून दुसरी खुर्ची आहे, लाकडी, सरळ पाठीची, एक पाय आखूड असल्यामुळे त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. ती अशिलाची. अशील म्हणजे ज्याच्या वतीनं वकील बोलतो तो माणूस. आता मोठ्या खुर्चीत अशिलाला बसव आणि लाकडी खुर्चीत वकिलाला. उलट झालं ना? तसंच हवं आहे. त्या खोलीत ते तसंच असायचं. एवढं नीट लक्षात ठेव आणि माझ्याबरोबर खाली रस्त्यावर ये, कारण ही गोष्ट एका बसथांब्यावर सुरू होते.

थांब्यावर वकिलाची लेक उभी होती. ती आता चांगली मोठी बाई होती, एका मुलीची आई. दुपारची वेळ होती. थांब्याच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं आणि पत्र्याखालची सावलीही तापल्यासारखी वाटत होती. तिच्या पर्समध्ये एक किल्ली होती आणि ती अधूनमधून बाहेरूनच चाचपून बघत होती. वडील जाऊन काही महिने झाले होते. त्यांची कामाची खोली भाड्याची. तिथे आता चष्म्याचं दुकान येणार होतं, आणि आज सामान हलवून किल्ली परत द्यायची होती. आई येणार नव्हती. "मला तो जिना चढवणार नाही," आई म्हणाली होती, आणि आईच्या गुडघ्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं. म्हणजे तिनंच जायचं, आणि वाटेत शाळेतून मुलीला घ्यायचं, म्हणजे मुलीलाही त्या खोलीत न्यायचं. या शेवटच्या 'म्हणजे'पाशी तिचं मन सकाळपासून अडखळत होतं. घरात सगळेजण त्या मुलीला पुरवणी म्हणत. ते नाव आजोबांनी ठेवलेलं. परीक्षेत सगळी उत्तरं लिहून झाल्यावर, घंटा व्हायला आली असताना, अजून काही सुचावं आणि आणखी एक कागद मागून घ्यावा, तशी ही माझ्या आयुष्यात आली, असं ते सांगायचे. शाळा सुटली की पुरवणी रोज त्यांच्या खोलीवर जायची, आई कामावरून सुटेपर्यंत. त्या दिवशीही गेली होती. ते गेले तेव्हा त्यांच्यासमोर तीच होती, एकटी. कारकूनकाका कोर्टात तारीख घ्यायला गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांना दारातून साहेबांची पाठ दिसली, मान खाली झुकलेली, आणि समोर मोठ्या खुर्चीत पुरवणी, हात मांडीवर ठेवून अगदी शांत बसलेली. किती वेळ बसली होती कुणाला माहीत. तिनं हाक मारली नाही. शेजारच्या खोलीत माणसं होती, त्यांना बोलावलं नाही. रडली नाही. आणि त्या दुपारबद्दल ती आजपर्यंत एक अक्षरही बोललेली नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, हाक मारून काही फरक पडला नसता, क्षणाचं काम होतं. ते ऐकून मोठ्यांना बरं वाटलं. पण त्या आधी, धावत जिना चढून पुरवणीची आई दारात पोचली होती, माणसांच्या गर्दीतून तिनं मुलीला खांद्यांना धरलं होतं आणि तिच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडलं होतं, "अगं, तू हाक का नाही मारलीस?" पुरवणीनं तिच्याकडे बघितलं होतं, नुसतं. ते बघणं आता रोजच्या कामात कुठेही मधे येई. भांडी पुसताना, लिफ्टची वाट बघताना, दुसऱ्याच कुणाच्या तरी बोलण्यावर मान डोलावताना. शाळेतल्या बाई मात्र खूश होत्या. "उलट हल्ली फारच शहाणी झालीये हो. आधी सारखी मधेमधे बोलायची, सगळ्यांच्या तक्रारी सांगायची. आता काही नाही. कुणाबद्दल काही नाही." बाई हे प्रगती म्हणून सांगत होत्या आणि ती "हो का," म्हणून हसली होती.

थांब्याच्या बाकावर एक मुलगा फुरंगटून बसला होता. त्याच्यासमोर त्याची आई. "ऐकायचंच नाही का तुला?" "तूच ऐकत नाहीस." "मी ऐकत नाही? बरं. थांब." ती बाई एकदम थांबली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि फुटपाथवर मुलासमोर उकिडवी बसली, लोकांची पर्वा न करता. "आता तू मी, आणि मी तू. मी सांगते. झालं की विचारीन. बरोबर असेल तर उठायचं." मग ती त्या मुलाच्या वतीनं बोलायला लागली. "मी आज पोहायला जाणार होतो. आईनं काल हो म्हटलं होतं. आज म्हणते, डेंटिस्टकडे जायचंय. हे तिला कालही माहीत होतं..." इथं तिला खोकला आला. ती खोकत राहिली, पिशवीतून बाटली काढून पाणी प्यायली. बस आली. मुलानं बस पाहिली, तिचा नंबर पाहिला, त्याचे डोळे मोठे झाले, त्यानं दोन्ही ओठ दाताखाली घट्ट धरले. बस थांबली, चार माणसं चढली, बस गेली. "...तर मला राग डेंटिस्टचा नाही आला," बाटलीचं झाकण लावत बाई म्हणाली, "तिला माहीत असून ती हो म्हणाली, त्याचा आला. बरोबर?" "बरोबर," मुलगा उठत म्हणाला, "आणि आपली बस गेली." "आँ? अरे मग सांगितलं का नाहीस?" "मधे बोलायचं नाही ना."

बाई हसायला लागली. मुलगाही हसला, नाइलाजानं. आणि वकिलाच्या लेकीला वाटलं की आपल्या पायाखालची फरशी कुणीतरी हलकेच काढून घेतली आहे. तीही त्याच बसनं जाणार होती. तिनंही ती जाऊ दिली होती. तिनं विचारलं, स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्याच्या घरातल्या रेडिओसारखा ऐकू आला, "हे तुम्ही कुठं शिकलात?" "हे होय? एका वकिलांनी शिकवलं. आमचं घरचं प्रकरण होतं, मागं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, बाई, उठा, माझ्या खुर्चीत बसा. मला वाटलं, म्हातारा चळला बहुतेक." बाईनं जीभ चावली. "तुम्ही ओळखता का त्यांना?" "थोडंसं," ती म्हणाली. "कसे आहेत आता?" "बरे आहेत," ती म्हणाली. "माझा नमस्कार सांगा हं. म्हणावं, तुमच्या खुर्चीत बसलेली." दुसरी बस आली, ती दोघं चढली, मुलानं खिडकीतून उगाचच हात हलवला. ती तिथंच उभी राहिली. बरे आहेत. हे शब्द एवढे सहज आले होते की त्यांच्यामागं एक अख्खं जिवंत माणूस उभं राहिलं, कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावणारं, बाह्या दुमडणारं. इतक्या महिन्यांत 'वारले' हा शब्द तिनं एकदाही उच्चारला नव्हता. फॉर्म भरायचे तेव्हा नवरा भरी. फोन आले की ती म्हणे, बाबा नाहीयेत. जसे काही खाली दूध आणायला गेलेत.

ती चालतच शाळेकडे निघाली. मधे बोलायचं नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती त्या नियमात वाढली होती. तिच्या लहानपणी घरात जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांवरही हाच खेळ चाले. तिचं आणि दादाचं खिडकीशेजारच्या पलंगावरून भांडण झालं होतं, तेव्हा बाबांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः तिच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले आणि म्हणाले, "मी धाकटी आहे. मला खिडकी पाहिजे. दादा म्हणतो, तो मोठा आहे म्हणून त्याला पाहिजे." मग ते थांबले. त्यांची ही सवय होती. सांगता सांगता ते मधेच थांबत, डोळे मिटत, हनुवटी छातीला टेकवत. नवख्या माणसाला वाटे, झोपले. पण ते आत कुठंतरी उतरून त्या माणसाचं उरलेलं वाक्य शोधत असत. त्या दिवशी असेच थांबले आणि डोळे न उघडता म्हणाले, "पण खरं म्हणजे मला खिडकी नकोच आहे. रात्री दारातून कुणी आलं तर पहिली मी दिसेन, याची मला भीती वाटते. बरोबर?" हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. ती त्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसून रडली होती. मग उठली. उठायचं, हा नियम होता. गोष्ट बरोबर सांगून झाली की मोठ्या खुर्चीतल्यानं उठायचं आणि खुर्ची ज्याची त्याला परत द्यायची. दादानं स्वतःची उशी दाराच्या बाजूला नेऊन टाकली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "या घरात वकील एकच, आणि तोसुद्धा कायम समोरच्याच बाजूचा." हे आई आयुष्यभर म्हणत आली. कधी चिडून, कधी पाहुण्यांसमोर मिरवून. आणि कधी, ते आईच्या वतीनं बोलायला बसले की, खालच्या आवाजात. कारण आईच्या वतीनं बोलताना त्यांना स्वतःविरुद्ध बरंच काही सांगावं लागे आणि ते त्यात काही हातचं राखत नसत.

खोलीवर हे सगळ्यांत जास्त कारकूनकाकांना सोसावं लागे. नवा अशील आला, खुर्च्या बदलल्या, साहेब त्याच्या तोंडून बोलायला लागले आणि डोळे मिटून थांबले, की तो बिचारा घाबरून काकांकडे बघे आणि काका ओठांवर बोट ठेवून कुजबुजत, "थांबले की थांबायचं. मधे बोलायचं नाही. ते विचारतील." एकदा एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या मुलावर दावा लावायला आले होते, भिंतीवरून. बाबांनी त्यांची गोष्ट त्यांना सांगितली; भिंतीपासून सुरू केली आणि कुठं तरी अशा जागी आणली, जिथं मुलगा लहान असताना ते त्याच भिंतीला त्याची पाठ लावून उंची मोजायचे. "बरोबर?" म्हातारे उठले. "बरोबर आहे," म्हणाले, "पण आता दावा नको." ते गेल्यावर काकांनी कपाळाला हात लावला होता. "साहेब, खुर्च्या बदलून बदलून निम्मे अशील बरे होऊन जातात. दवाखानाच टाकू या आपण." बाबा म्हणाले होते, "टाकू या. तुम्ही कंपाउंडर." तिला तो संवाद आठवला आणि रस्त्यात, एका बंद दुकानाच्या काचेसमोर, ती एकटीच हसली, आणि काचेत हसणारी बाई बाबांसारखी दिसली, आणि हसू तिथंच मोडलं. बाबा हरत नसत असं नाही. हरत. हरले की घरी येऊन आधी आंघोळ करत, मग बराच वेळ कुणाचीतरी खेळणी दुरुस्त करत बसत. पण त्यांचा अशील हरूनही ज्या चेहऱ्यानं जिना उतरे तो चेहरा तिनं पाहिलेला होता. आपलं म्हणणं जगात निदान एकदा तरी कुणीतरी नीट म्हटलं, असा तो चेहरा असे. तिला लहानपणी वाटे, वकील म्हणजे हेच काम. पुढं तिला दुसरे वकील भेटले तेव्हा फार आश्चर्य वाटलं.

शाळेच्या फाटकात पुरवणी उभी होती, दप्तराचे दोन्ही पट्टे धरून. पूर्वी ती फाटकातूनच ओरडत सुटायची, आज काय झालं माहितेय का. "कसा गेला दिवस?" "चांगला." "डबा संपवला?" "हो." "आपल्याला आजोबांच्या खोलीवर जायचंय. सामान न्यायला गाडी येणार आहे. चालेल ना?" पुरवणीनं मान हलवली, हो म्हणून. आईच्या हातात तिचा हात होता, पण त्या हातात काहीच नव्हतं. धरला तर धरलेला, सोडला तर सुटलेला. रस्ता ओलांडताना तिला वाटलं, आपण एका फार सभ्य पाहुणीला घेऊन चाललो आहोत. आणि मग, रस्त्याच्या मधोमध, बसथांब्यावरचा तो मुलगा तिच्या डोळ्यांसमोर आला, ओठ दाताखाली धरलेला, समोरून निघून चाललेल्या बसकडे बघणारा. तिची पावलं थांबली. एका मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला. "आई, चल ना," पुरवणी म्हणाली.

खोली निम्मी रिकामी झाली होती. कारकूनकाका पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधत होते. कपाटं हलवल्यामुळे भिंतीवर त्यांच्या मागचे जुने, गडद चौकोन उघडे पडले होते. "या ताई. या वकीलबाई," काका पुरवणीला म्हणाले, नेहमीच्या आवाजात म्हणायला गेले आणि अर्ध्यातच आवाज बसला. त्यांनी सुतळी दातानं तोडली. "टेबल आणि खुर्च्या शेवटी उचलतील. गाडीवाला म्हणतो गल्लीत येत नाही, तिकडं तोंडाशीच उभा राहिलाय शहाणा. मी घेऊन येतो त्याला. चालेल ना थोडा वेळ?" त्यांनी पुरवणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चालेल काका," ती म्हणाली. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. पुरवणी दाराला पाठ टेकून उभी होती. ती खुर्च्यांकडे बघत नव्हती. कपाटाच्या चौकोनाकडे बघत होती, जणू तिथं काही लिहिलंय.

नको, असं तिला वाटलं. मुलीला खाली न्यावं, समोरच्या दुकानात काहीतरी थंड घेऊन द्यावं, गाडी येईल, खुर्च्या जातील, चष्म्याचं दुकान येईल, मुलं विसरतात. विसरतात का? रात्री दारातून कुणी आलं तर पहिली मी दिसेन, हे ती तरी विसरली होती का? अजूनही ती पलंगावर भिंतीकडेच झोपत होती. ती लाकडी खुर्चीत जाऊन बसली. पुठ्ठ्याची घडी सरकली आणि खुर्ची एकदा डगमगली. "पुरवणी," ती म्हणाली, "तिकडे बस." पुरवणीनं मान वळवली. "मला नाही बसायचं." "एकदाच. मी सांगते. चुकलं तर तू सांगायचं." "कशाचं सांगतेस?" "तुझं." खालून भांड्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग पुरवणी भिंतीच्या कडेकडेनं, लाकडी खुर्चीला वळसा घालून गेली आणि मोठ्या खुर्चीत चढली. खुर्ची कुरकुरली. तिचे पाय जमिनीपासून वर राहिले. तिनं हात मांडीवर ठेवले.

लाकडी खुर्चीतून काय दिसतं हे आईला आता कळलं. बाबा म्हणायचे, "माझ्या खुर्चीतून दार दिसतं, येणारेजाणारे दिसतात, जिना दिसतो. त्या खुर्चीतून फक्त मी दिसतो. बिचाऱ्यानं किती वेळ माझंच तोंड बघायचं? म्हणून अदलाबदल." ती हे गमतीचं म्हणून ऐकत आली होती. आता समोर खिडकीचा उजेड होता आणि उजेडात पुरवणी होती, केसांच्या कडा उजळलेल्या, बाकी काही नाही. भिंत नाही, कपाट नाही. त्यांनी शेवटचं जे पाहिलं ते हेच. ती बोलायला लागली.

"मी पुरवणी आहे," ती म्हणाली. "मी शाळेतून आले. आजोबांनी दार उघडं ठेवलं होतं. मी दप्तर तिकडे टाकलं. मला काहीतरी सांगायचं होतं, म्हणून आजोबा म्हणाले, बस माझ्या खुर्चीत. मी बसले. आजोबा इथं बसले. ते माझं सांगायला लागले. आणि मग सांगता सांगता ते थांबले. त्यांनी डोळे मिटले." तिला थांबावं लागलं. समोर पुरवणी हलली नाही. "ते नेहमी थांबतात. थांबले की थांबायचं असतं. मधे बोलायचं नसतं. मी हाक मारली नाही, कारण त्यांनी अजून विचारलं नव्हतं. मी वाट बघत होते. मला भीती वाटत होती, पण मी नियम पाळला. मी काहीच चुकीचं केलं नाही. आणि मग सगळे आले, आणि आई आली, आणि आईनं मला विचारलं, हाक का नाही मारलीस, आणि मला वाटलं..." तिला पुढचं माहीत नव्हतं. तिनं डोळे मिटून शोधलं. अंधारात काही नव्हतं. बाबांना तिथं काय सापडायचं कुणास ठाऊक. "पुढचं मला येत नाही," ती म्हणाली. "इथपर्यंत बरोबर?"

पुरवणी उठली नाही. "नाही," ती म्हणाली. आवाज इतका ओळखीचा होता, तक्रारीचा, थोडा वरच्या पट्टीतला, की आई दचकली. "मला भीती नव्हती वाटत. भीती नंतर वाटली. तू आल्यावर." "बरं," ती म्हणाली. हा एकच शब्द म्हणायला तिला सगळा श्वास लागला. "आणि एक राहिलं," पुरवणी म्हणाली. "काय राहिलं?" पुरवणी खुर्चीच्या हातातल्या फाटक्या कातड्यात बोट घालून स्पंज दाबत होती. "ते सांगत होते ना. ते म्हणाले, मी बाकावर बसले, आणि माझी मैत्रीण उठून दुसरीच्या बाकावर गेली. आणि बाईंनी विचारलं, तुला चालेल का, तर मी म्हटलं, मला काही वाटत नाही. असं ते म्हणाले. मग म्हणाले, पण मला... आणि थांबले." "मग?" "मग मी थांबले. खूप वेळ. मग मला वाटलं, विचारायचं विसरले बहुतेक. म्हणजे, ते कधीकधी चष्मा विसरतात ना, तसं. आणि पुढचं मला माहीतच होतं. आणि बरोबरच होतं त्यांचं सगळं. म्हणून मी म्हटलं, बरोबर." "तू म्हटलंस?" "हो. हळूच. त्यांनी विचारलं नव्हतं तरी म्हटलं. नियम मोडला." तिनं वर पाहिलं. "पण मग मी उठायला पाहिजे होतं ना? बरोबर म्हटलं की उठायचं असतं. मला वाटलं, मी उठले तर ते जागे होतील आणि म्हणतील, अजून झालं नव्हतं. म्हणून बसून राहिले."

खोलीत उजेड तसाच होता. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पूर्ण करत आलेल्या माणसाचं शेवटचं वाक्य अर्धं राहिलं, असं तिला आत्ता वाटलं होतं, आणि ते अर्धं राहिलंच नव्हतं. समोर बसलेल्या एवढ्याशा अशिलानं ते मनात पूर्ण केलं होतं आणि मंजूर करून टाकलं होतं, हळूच, त्यांच्या बोलण्यात मोडता न घालता. तिला उठून मुलीला कुशीत घ्यावंसं वाटलं. पण नियम अजून चालू होता, आणि या वेळी मधे उठायचं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी लाकडी खुर्चीच्या कडा धरल्या. "मी पुन्हा सांगते," ती म्हणाली. तिनं पहिल्यापासून सांगितलं. दप्तर, बाक, मैत्रीण, मला काही वाटत नाही, पण मला. भीतीचं वाक्य तिनं काढून योग्य जागी ठेवलं. "मी थांबले. मग मी हळूच म्हटलं, बरोबर. ते मला ऐकू गेलं असेल की नाही माहीत नाही... म्हणजे, आजोबांना. पण मी म्हटलं. मग आई आली. आईनं जे विचारलं ते विचारायला नको होतं. आईला त्याचं फार वाईट वाटतं. हे माझं नाही, आईचं आहे, पण मला ते माहीत असलेलं बरं. बरोबर?"

पुरवणीनं स्पंजमधलं बोट काढलं. कातडं दोन बोटांनी दाबून तिनं ते भोक मिटवल्यासारखं केलं. "बरोबर," ती म्हणाली, आणि उठली. खुर्चीवरून घसरत खाली उतरली, टेबलाला वळसा घालून आईसमोर आली. ती येतेय म्हणून आईनं हात पसरले. पण पुरवणीनं त्यातला एकच हात धरला, ओढून तिला उभं केलं, तिकडं नेलं आणि मोठ्या खुर्चीत बसवलं. खुर्ची कुरकुरली. आता तिला दार दिसत होतं. दारात कारकूनकाका येऊन उभे होते, मागं गाडीवाला. गाडीवाल्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

पुरवणी लाकडी खुर्चीत चढली. खाली वाकून तिनं पुठ्ठ्याची घडी पायाखाली नीट सरकवली, मागं टेकून बसली, डोळे मिटले आणि हनुवटी छातीला टेकवली. ती काय शोधत होती ते सापडेपर्यंत सगळे थांबले. मग ती म्हणाली, "मी आई आहे. माझे बाबा वकील होते. माझे बाबा वारले."